दुपारचा हादरा

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. भूगर्भशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते कळेल, आणि देवाच्या दयेने माणसाच्याही.

मुलीचं काम विभागाच्या तळघरात. तिथे भूकंपमापक बसवलेला आणि त्याच्या पडद्यावरची रेघ बघत ही बसलेली. नियम असा, की दरवर्षी समितीपुढे उभं राहायचं, स्वतः काय शोधलं ते दाखवायचं आणि त्याचं कारणही सांगायचं. नाही जमलं तर नोंदणी रद्द. हिला सापडला होता एक हादरा. दुपारच्या जेवणानंतर रेघ थुईथुई नाचायची आणि जरा वेळाने गप्प व्हायची. एखाद्या दिवशी मात्र हलायचीच नाही. तिने पाण्याचा पंप बंद करून पाहिला, लिफ्ट थांबवून पाहिली, रस्त्यावर उभं राहून ट्रक पाहिले. कारण काही हाती लागेना.

समितीपुढे उभं राहायचा दिवस आला. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "कागद राहू देत. प्रत्यक्ष दाखव."

सगळे तळघरात उतरले. सोबत मुलीचे मार्गदर्शक सर. देह असा भरदार की विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'डोंगर' म्हणत. हादऱ्याची वेळ झाली. रेघ ढिम्म.

"झोपलाय वाटतं तुझा भूकंप," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मुलीचा चेहरा पडला. सरांनी तो पाहिला, कपाळ पुसलं, आणि "जरा एक फोन करून येतो" म्हणत जिना चढले.

थोड्याच वेळात रेघ नाचू लागली.

"अगं बाई, खरंच की," अध्यक्षबाई वाकून बघू लागल्या. "कशाने होतंय गं हे?"

मुलगी छताकडे बघत होती. बरोबर वर सरांची खोली. सर रजेवर असले की रेघ सपाट. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तोंडाला कुलूप लागलं.

"कळलंय, बाई. पण मला सांगता नाही यायचं."

"पोरी, मग नोंदणी रद्द करावी लागेल."

"करा," ती म्हणाली.

रेघ केव्हाच थांबली होती. जिन्यात धापा ऐकू आल्या. सर उभे होते. टाय खांद्यावर, पायात नुसते मोजे, हातात उड्या मारायची दोरी.

"तिला काही करू नका," ते म्हणाले. "हादरा मीच. डॉक्टरांनी उड्या मारायला सांगितल्यात. घरी मारल्या तर खालचे शेजारी भांडायला येतात हो."

अध्यक्षबाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. "कारण हिने शोधलं, आणि पोटातही ठेवलं. प्रगती समाधानकारक."

सगळे गेल्यावर सर घुटमळले. "काय गं, आधीचे हादरे आणि आत्ताचे... काही फरक?"

मुलीने पडद्यावर जुनी रेघ काढली. "लहान होत चाललेत, सर."

"खरं सांगतेस? घरचा वजनकाटा तर मेला हलत नाही." सरांचा चेहरा उजळला. "एक प्रत दे. बायकोला दाखवतो."

तर बाबांनो, कधी तुमच्या डोक्यावर धपधप ऐकू आली, तर भांडायला जिना चढण्याआधी त्या डोंगराची आठवण ठेवा.