अक-बुलुनचा अर्ज

पाठवलेल्या पत्रावर बुरुलकाननं सहज पुन्हा एक नजर टाकली आणि चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला. नकाराचं पत्र संगणकात जिथल्या तिथे पडून होतं. गेला होता तो अर्ज.

अक-बुलुन नगरपालिकेच्या क्रीडा विभागात बुरुलकान हीच प्रमुख, हीच कारकून आणि केर काढणारीही हीच. मध्य आशियातल्या महिलांची फुटबॉल स्पर्धा पुढच्या वर्षी किर्गिझस्तानात व्हायची होती आणि ती भरवायला कोणती शहरं तयार आहेत, अशी विचारणा फुटबॉल संघटनेनं केली होती. नगराध्यक्ष तुर्दुबेक साहेबांनी ते पत्र अर्धंच वाचलं होतं. "बायकांचा फुटबॉल? कोण बघायला येणार? नाही म्हणून कळवून टाका." शिवाय मैदान येत्या पानगळीपासून गुरांच्या बाजाराला द्यायचं त्यांनी मनात पक्कं केलेलं होतं.

बुरुलकाननं मुकाट्यानं नकार टाइप केला. पण त्याच मैदानावर गेली सहा वर्षं तिच्या बारा बायका आठवड्यातून दोनदा खेळत होत्या. डेअरीतल्या सात जणी, दोन शिक्षिका, दोन कॉलेजच्या पोरी आणि गोलमध्ये बाजारात नान विकणारी, चव्वेचाळीस वर्षांची झूराकान. त्यांना सांगायचं काय? तिचं डोकं इतकं तापलं की केवळ मन हलकं करायला तिनं अर्जही भरून ठेवला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. प्रेक्षकांची सोय: पाच हजार. मैदानामागच्या टेकडीवर तेवढी माणसं आरामात मावतात. राहण्याची सोय: चाळीस खाटा. क्षयाच्या जुन्या आरोग्यधामात आता रोगी राहिले नव्हते. हिरवळीची निगा: रोज. ती दोनशे मेंढरं राखत.

आता फोन करून चूक कबूल करायला हवी होती. तिनं फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. "गेला चुकून," ती स्वतःशीच म्हणाली, "पण लिहिलंय ते काही चुकून नाही."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शेवटच्या फेरीत तीन शहरं निवडली होती: राजधानी, तलावाकाठचं मोठं शहर आणि अक-बुलुन. पाहणी समिती गुरुवारी येणार होती.

सगळं गाव बुरुलकानला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचं. नगराध्यक्षही म्हणायचे. संतापले की मात्र 'बाई'.

"बाई, हे काय करून ठेवलंत? पाच हजार माणसं? आपलं अख्खं गाव नऊ हजारांचं, त्यात निम्मे रशियात कामाला!"

"बसायची सोय विचारली होती साहेब. बसायला कोण येणार ते विचारलं नव्हतं."

"आत्ताच्या आत्ता कळवा, चूक झाली म्हणून!"

"तुम्हीच कळवा. न वाचता केलेली का असेना, सही तुमची आहे."

साहेबांनी फोनकडे हात नेला, तोच तो वाजला. पलीकडे साक्षात गव्हर्नर होते. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "होय साहेब... दूरदृष्टी कसली साहेब, आपलाच आशीर्वाद... महिलांचा खेळ म्हणजे माझ्या अगदी जिव्हाळ्याचा..." फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. "गुरुवारी तेही येतायत."

मग साहेबांच्या अंगात आलं. आरोग्यधामाच्या दारावरची 'थुंकू नका' ही पाटी निघाली. गोलच्या खांबांना पांढरा रंग लागला. राहता राहिलं मैदान. मेंढरांनी ते इतकं मन लावून राखलं होतं की हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. साहेबांनी कुंपणाचा हिरवा रंग पिंपं भरून आणवला, त्यात पाणी ओतलं आणि गुरुवारी पहाटे मैदानावर फवारून घेतला.

बुरुलकाननं कपाळावर हात मारून घेतला. पण साहेबांचा पुढचा हुकूम ऐकून तिचा हात खाली आला.

"आणि तुमच्या त्या बायका. पारंपरिक पोशाख, डोक्यावर पांढरे फेटे, हातात तबकं. पाहुण्यांना बोर्सोकचे गोळे तळून द्यायचे, घोडीच्या दुधाचं कुमिस द्यायचं, हसायचं. चेंडू दिसता कामा नये."

"का बरं?"

"अहो, गोलमध्ये नानवाली! समिती काय म्हणेल?"

बुरुलकान तडक बाजारात गेली. झूराकान तंदूरमध्ये वाकली होती. सगळं ऐकून तिनं एक गरम नान फळीवर आपटला.

"फेटा बांधते की मी," ती म्हणाली. "चांगला मोठ्ठा बांधते. एजे, तू फक्त मोज्यांचं बघ."

समिती अकराला यायची होती. साडेनऊ वाजता नेहमीच्या वेळी नेहमीची मेंढरं मैदानावर आली. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. रंग अजून ओला होता. मेंढरं चरली, लोळली, एकमेकांना घासली. रंगवाल्या माणसांनी आरडाओरडा केला, कुत्रे भुंकले, आणि पोटापर्यंत हिरवी झालेली दोनशे मेंढरं उधळून थेट बाजारपेठेत घुसली.

अक-बुलुनच्या लोकांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं. हिरवी मेंढरं नव्हती पाहिली. दुकानं उघडी टाकून माणसं धावली. कुणी म्हणे रोग आहे, कुणी म्हणे निवडणूक आली. न्हाव्याकडचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही निघालं. बारशाला जमलेला गोतावळा बाळासकट निघाला. मेंढरं परत मैदानाकडे वळली, तशी हिरव्या खुरांच्या मागानं सगळी माणसं मैदानावर पोचली आणि नीट दिसावं म्हणून टेकडीवर चढून बसली. एवढ्यात, एक तास आधीच, समितीच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग गव्हर्नरांची.

समितीच्या प्रमुख मुकाद्दासबाई ताश्कंदच्या. किडकिडीत बांधा, हातात वही, चेहऱ्यावर हसण्याचं नाव नाही. त्यांनी टेकडीकडे पाहिलं. "आज सुट्टी आहे का?"

"नाही, नाही," बुरुलकान म्हणाली. "आज कामाचा दिवस आहे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग दोन पावलं मैदानात टाकून बुटाच्या तळव्याकडे पाहिलं. तेही लिहिलं.

साहेब पुढे सरसावले. बारा फेटेवाल्या बायका तबकं घेऊन ओळीनं उभ्या होत्या. गव्हर्नरांनी एक बोर्सोक तोंडात टाकला.

"तुमच्या शहरात महिलांचा संघ आहे?" मुकाद्दासबाईंनी विचारलं.

बुरुलकाननं तोंड उघडलं, पण साहेबांनी तिला आडवा हात केला. "त्याचं काय आहे मॅडम, संघ असा अजून नाहीये. आमच्या बायका घरंदाज आहेत. पण आपण म्हणाल तर लगेच स्थापन करू."

झूराकाननं तबक साहेबांच्या हातात दिलं. "जरा धरा हे." तिनं डोक्यावरचा फेटा काढून तबकावर ठेवला. मग अंगातला झगा काढला. खाली निळी जर्सी होती, पाठीवर एक नंबर. बाकीच्या अकरा जणींनीही तेच केलं. बारा झगे, बारा फेटे. ढिगाऱ्याआडून साहेबांचे फक्त डोळे दिसत होते.

"घरंदाज तर आहोतच," झूराकान म्हणाली. "घरून येतानाच खाली घालून आलो."

सहा-सहा जणींनी सामना सुरू केला. दुसऱ्याच मिनिटाला झूराकान आडवी झेपावली आणि उठली तेव्हा कानापर्यंत हिरवी होती. टेकडीवर शिट्ट्या सुरू झाल्या. डेअरीतल्या एकीनं तिघींना चकवून गोल मारला, तेव्हा गव्हर्नर टाळ्या वाजवत पुढे झाले, आणि गव्हर्नर वाजवतायत म्हणताना साहेबांनाही वाजवायच्या होत्या. पण हात मोकळे नव्हते. बुरुलकान रेषेवर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत होती. सहा वर्षांत या बायकांचा खेळ बघायला मेंढपाळाखेरीज कुणी आलं नव्हतं. आज टेकडी भरली होती, आणि मेंढरं कधीची निघून गेली तरी तिथून कुणी हललं नव्हतं.

दीड महिन्यानं निकाल आला. स्पर्धा तलावाकाठच्या शहराला मिळाली होती. एकाहत्तर गुण. अक-बुलुनला एकोणसत्तर.

"वाटलंच होतं," साहेब सुस्कारा सोडून म्हणाले. "तुमच्या त्या आरोग्यधामानं घात केला."

"आरोग्यधामाला चार मिळालेत." बुरुलकाननं गुणपत्रक पुढे सरकवलं. "मैदानाला दोन. प्रेक्षक, दहापैकी दहा. महिलांचा स्थानिक खेळ, दहापैकी दहा. आता शेवटचा रकाना तुम्हीच वाचा."

साहेबांनी चष्मा लावला. "नगराध्यक्षांचा पाठिंबा..." ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मोठ्यानं वाचा ना साहेब."

"शून्य."

"तीन मिळाले असते तरी स्पर्धा आपली होती. याची एक प्रत गव्हर्नर साहेबांनाही गेलीय."

"तुम्ही पाठवलीत?"

"संघटनेनं. पण मीही एक पाठवलीय. पोचली नसेल तर?"

फोन वाजला. साहेबांनी या वेळी तो बराच वेळ वाजू दिला.

गुरांच्या बाजारासाठी गावाबाहेर दुसरी जागा लगोलग सापडली. पुढच्या मंगळवारी बायका सरावाला उतरल्या, तर कोट हातावर टाकून साहेब रेषेपाशी उभे.

"एजे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हा पाठिंबा... म्हणजे नक्की करायचं काय असतं?"

बुरुलकान उत्तर द्यायच्या आत कुणाचा तरी फटका गोलच्या पार वरून गेला आणि चेंडू मागच्या कालव्यात पडला. पाणी बर्फाचं, कालव्याला ओढ जबरदस्त.

"साहेब, पळा!" गोलमधून झूराकान ओरडली. "पुलापाशी अडकतो तो! बूट काढा आधी!"

साहेबांनी एकदा बुरुलकानकडे पाहिलं. तिनं कोट धरायला हात पुढे केला.