रानडुकरांना पसंत पडलेली दुर्बीण

चिरेवाडीत रात्री रानडुकरं मारायची तर रायफलीवर कुठली दुर्बीण बसवायची, हे रानडुकरांच्या संमतीनंच ठरवावं लागतं. त्यांचा प्रतिनिधी बैठकीला येतो, दुर्बिणी बघतो, हरकती मांडतो. आधी संमती, मग शिकार, असा गावचा रिवाज आहे.

यंदा रायफल हौसाबाई शिंत्रेंची होती. परवाना त्यांच्याच नावाचा, आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. आजवर हौसाबाई रायफलीच्या नळीला बॅटरी बांधून भागवत आल्या होत्या. उजेड पडला की डुकरं पसार व्हायची आणि बॅटरी विझली की परत येऊन रताळ्याचं अख्खं वावर उकरून ठेवायची. त्यामुळे बेळगावचा दुकानदार कलघटगी दुर्बिणी घेऊन येणार म्हटल्यावर सकाळपासून हौसाबाईंचा पाय एका जागी ठरेना.

बैठक दुपारी ग्रामपंचायतीत भरली. आत अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना घोंगडी लावली होती. प्रतिनिधी वेळेवर आला. थोराड नर होता, मानेवरचे राठ केस पांढरे पडलेले, एक सुळा अर्धा मोडलेला. सरपंच रेडेकरांनी त्याला बसायला पोतं अंथरलं आणि पाणी विचारलं. पाणी नको, चिखल असला तर चालेल, असं तो म्हणाला. चिखल नव्हता. बैठक सुरू झाली.

प्रत्येक दुर्बिणीतून दोन्ही पक्षांनी एकमेकांना बघायचं होतं. पहिली हिरवी होती. प्रतिनिधीनं तिच्यातून हौसाबाईंकडे बराच वेळ बघितलं.

“ह्यात बाई हिरव्या, घोंगडीही हिरवी,” तो म्हणाला. “उद्या आमच्यातला कोण आणि झुडूप कुठलं, हे कसं कळायचं?”

“हरकत रास्त आहे,” सरपंच म्हणाले. ती दुर्बीण परत कलघटगीच्या पेटीत गेली.

दुसरीत काचेवर लाल ठिपका दिसायचा. ठिपका दोघांनाही आवडला. पण अंधारात तो ठेवायचा कुणावर, असं प्रतिनिधीनं विचारलं तेव्हा कलघटगीनं कबूल केलं, की तिच्या जोडीला बॅटरी लागतेच.

“मग न्या परत,” हौसाबाई म्हणाल्या.

तिसरी ऊब दाखवणारी होती. हौसाबाईंनी ती डोळ्याला लावली आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंती, बाकं सगळं काळंभोर, आणि मधोमध प्रतिनिधी पांढराशुभ्र. त्याचा श्वाससुद्धा दिसत होता.

“तुम्ही चांदीचे दिसताय की वो,” त्या म्हणाल्या.

प्रतिनिधीनं कान हलवले. मग त्यानं स्वतः तिच्यातून त्यांना बघितलं. “बाईही तशाच दिसतात,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा चढला होता. “पण एक शंका आहे. आमच्यात लेकुरवाळ्या माद्या आहेत. पिलं गवतात असतात. ती दिसली नाहीत तर संमती देता येणार नाही.”

गवतातली पिलं दिसतात का, हे कलघटगीला ठाऊक नव्हतं. तेव्हा प्रतिनिधीनं दारातून हाक दिली. मागच्या गवतात काहीतरी खसफसलं. हौसाबाईंनी खिडकीची घोंगडी बाजूला सारली. नुसत्या डोळ्यांना गवताखेरीज काही दिसत नव्हतं. दुर्बिणीतून मात्र एक मादी लख्ख दिसली, आणि तिच्या पोटाशी बिलगलेले लहान लहान निखारे. त्यांनी ते हलक्या आवाजात मोजून सांगितले.

“बरोबर,” प्रतिनिधी म्हणाला. “एकही सुटलं नाही. आमची संमती.”

कलघटगीनं दुर्बीण तिथंच रायफलीवर चढवली. राहता राहिला चाचणीचा प्रश्न. पहिल्या गोळीला कोण उभं राहणार, असं सरपंचांनी विचारलं.

“मीच,” प्रतिनिधी म्हणाला. “पसंती माझी. मागं राहिलो तर बरं दिसणार नाही.”

दिवस मावळला तशा हौसाबाई वावरातल्या माळ्यावर चढल्या. अशी दुर्बीण त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. प्रतिनिधी एकटाच आला आणि बांधाला आडवा उभा राहिला. त्यांनी गोळी झाडली.

“दोन बोटं डावीकडे गेली, बाई,” त्यानं खालून सांगितलं.

त्यांनी दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. “एवढं बास?”

“अजून थोडं. हां, आता ठेवा.”

हौसाबाईंनी रायफल खांद्याला लावली, पण चापावर बोट जाईना. “ऱ्हाऊ द्यायचं काय आजच्याला?” त्यांनी विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “रताळी फार गोड आहेत. आम्ही थांबणार नाही. तुम्हीही थांबू नका.” आणि नेम नीट बसावा म्हणून तो अर्धं पाऊल पुढं सरकला.

हौसाबाईंनी श्वास रोखला. गोळी सुटली.

त्या त्याच्या उत्तराची वाट बघत राहिल्या. खालून आवाज आला नाही. मग बांधापलीकडच्या गवतातून दुसरा आवाज आला, एका मादीचा.

“बरोबर बसली. आता स्क्रूला हात लावू नका. पुढच्या बैठकीला मी येईन.”

“या,” हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी रायफल पुन्हा भरली.