गावाचं लायसिन आणि झेनेबेचचं जेवण

गावात लायसिन कमी असल्याचं सगळ्यांना कळलं तो मंगळवार होता. पोषण खात्याने कर्ण्यावरून जाहीर केलं, की टेफ धान्याच्या आंबवलेल्या भाकरीत, म्हणजे इंजेऱ्यात, लायसिन हे अमिनो आम्ल अपुरं आहे आणि हरभऱ्याच्या पिठाच्या शिरोत मेथिओनिन. सबब दोन्ही पदार्थ अपूर्ण ठरवण्यात येत आहेत. नागरिकांनी शांतता राखावी. दोन्ही एकत्र खाल्ल्यास उणीव भरून निघते, हे अगदी शेवटी घाईघाईने सांगितलं.

ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता. मांस, दूध, अंडं बंद, आणि इंजेऱ्याबरोबर शिरोचं कालवण हेच रोजचं जेवण. दुपारपर्यंत धडधाकट माणसांचे गुडघे दुखू लागले. लोहाराने घण खाली ठेवला. "माझ्यात लायसिनच नाही म्हणे," तो म्हणाला. "मग इतकी वर्षं घण मारत कोण होतं?"

वोंदिमूची बायको झेनेबेच वारली त्याला महिना उलटून गेला होता. संध्याकाळी शेजारी येऊन बसले, उसासे टाकू लागले, तेव्हा कोणीतरी तिची आठवण काढेल असं त्याला वाटलं. पण सगळे लायसिनबद्दलच हळहळत होते.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण रविवारी होतं. गाव जेवून तिच्या नावाने प्रार्थना करतं, तेव्हा गेलेल्या माणसाची पाठवणी पुरी होते. मयताच्या कार्याला मदत करणाऱ्या गावच्या मंडळाचा स्वयंपाक सांभाळणारी बोगालेच म्हणाली, "शिरोचं पीठ तिनंच भाजून ठेवलंय. तेच शिजवू. हात तिचाच लागेल."

शनिवारी खात्याचा निरीक्षक अदमासू आला.

"गाशे वोंदिमू," वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं तो म्हणाला, "एक अपूर्ण पदार्थ समजू शकतो. तुम्ही दोन वाढणार? लोकांना दुप्पट अपूर्णता?"

"साहेब, याच्यात जे कमी ते त्याच्यात आहे. एकत्र खाल्लं की भरून निघतं. तुमच्याच कर्ण्यावर शेवटी सांगितलं."

"ते शास्त्र झालं. मी तपासणीचं बोलतोय. इंजेरा धान्य विभागाकडे, शिरो कडधान्य विभागाकडे. दोन्ही एकत्र तपासणारा विभाग नाही."

"मग काय वाढू?"

"मांस वाढा. ते पूर्ण आहे. आत्ता मंजुरी देतो."

"उपवास आहे, साहेब."

"ते चर्चचं खातं."

शेवटी अदमासूने तोडगा काढला. सकाळच्या पंगतीला इंजेरा, संध्याकाळच्या पंगतीला शिरो. दोन्ही पोटात एकत्र आले तर खात्याची हरकत नाही, कारण पोट ही खाजगी जागा आहे.

"आणि शिरो खायचा कशाने?" बोगालेचने विचारलं. आमच्याकडे इंजेऱ्याच्या तुकड्यानेच कालवण उचलतात.

"चमच्याने."

"लोक जेवायला येणार आहेत की औषध घ्यायला?"

रविवारी गाव आलं आणि कोरडा इंजेरा चावू लागलं. वोंदिमू खाली मान घालून वाढत होता. पंगतीला गप्पा नव्हत्या, झेनेबेचचं नावही नव्हतं. बोगालेचला ते बघवेना. ती चुलीपाशी गेली, इंजेऱ्याच्या तुकड्यात गरम शिरो गुंडाळला आणि थेट अदमासूच्या तोंडापाशी नेला.

"आ कर, बाळा. गुर्शा आहे."

मायेने भरवलेला घास परतवणं म्हणजे घराचा अपमान. अदमासूने तोंड उघडलं. तिने दुसरा घास भरवला, तोही त्याने खाल्ला. त्याचे डोळे भरून आले. लसूण जास्त होता की त्याची आई आठवली, ते त्याने सांगितलं नाही.

"फार छान," तो तोंड पुसत म्हणाला. "पण आता नमुना घेतला गेला. तो माझ्या पोटात आहे. निकाल लागेपर्यंत भांडी सीलबंद."

लोकांनी त्याला गराडा घातला. आता तरी झेनेबेचच्या जेवणासाठी बोलतील, असं वोंदिमूला वाटलं.

"साहेब," लोहाराने आदराने विचारलं, "काही फरक वाटतोय का? ताकद वगैरे?"

"थोडी," अदमासू म्हणाला.

गावाने समाधानाने माना डोलावल्या. मग सगळे घरी गेले, खिडक्या लावून घेतल्या आणि रोजच्यासारखा इंजेरा शिरोत बुडवून पोटभर जेवले. तुम्हाला हसू आलं असेल. पण आज ताटावर बसल्यावर तुम्हीही एकदा त्या कालवणाकडे संशयाने बघणारच, आणि स्वतःचे गुडघे चाचपणार.

निकाल आलेला नाही. झेनेबेचचं जेवण राहिलं आहे.