सव्वापट न्याहारी

रविवारी सकाळी सात वाजता लिफ्ट-तपासनीस पायमोजे घालून, हात मागे बांधून स्वतःच्या फ्रिजसमोर उभे होते. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन कलमं होती. आई नऊ वाजेपर्यंत झोपेल. न्याहारी बाबा करतील. आपल्या घरचं एकच भांडं खरकटं होईल, चमचे, सुरी आणि झाकण माफ. खाली बाबांची सही, आईची सही आणि पंच म्हणून अकरा वर्षांच्या लेकीची सही. पंचाने सहीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

हा कागद गेल्या रविवारच्या पोटातून जन्मला होता. त्या दिवशी तपासनिसांनी अशीच झटपट न्याहारी केली आणि एकोणीस भांडी खरकटी केली. त्यातली काही लग्नात आली होती आणि त्यानंतर कोणाच्या नजरेसही पडली नव्हती. बायको इस्पितळात मुख्य परिचारिका. सहा दिवस उभं राहून आलेली ती बाई सातव्या दिवशी दुपारपर्यंत मोरीशी उभी राहिली. शेवटचं भांडं पालथं घालून ती एवढंच म्हणाली, "पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

तपासनिसांना ते फार लागलं. कारण त्यांना खरोखर तिला काहीतरी द्यायचं होतं. चौदा वर्षांत ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा सहानंतर अंथरुणात दिसली नव्हती. त्यांनी एक संधी मागितली, शेवटची. जमलं तर ठीक, नाहीतर स्वयंपाकघर कायमचं बंद. तिने सही केली, पण पेन असं धरलं होतं की जणू पेशंटच्या हट्टापुढे हात टेकले आहेत.

"बाबा, सुरू कर," पंच कुजबुजली. "आणि हळू."

टेबलाशी आजोबा बसले होते. तपासनिसांचे वडील. त्यांना ऐकू कमी येई, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना जग बहिरं वाटतं. त्यांनी तोंड उघडलं. "भांडी किती..."

लेकीने चपळाईने त्यांच्या तोंडात पावाचा तुकडा घातला. आजोबा चावू लागले आणि घर वाचलं. टेबलावर पावाचा मोठा लोफ होता, म्हणून तिला काळजी वाटली नाही.

कृती एका मासिकाच्या शेवटच्या पानावरची होती. सोपी, एका पॅनमधली, चौघांसाठी. तळाला बटाट्याच्या पातळ चकत्या, वर कांदा-टोमॅटो, त्यावर आठ अंडी, झाकण, पंधरा मिनिटं. तपासनिसांनी बटाटे वर्तमानपत्रावर चिरले, कांदा त्याच्या दुसऱ्या पानावर. वर्तमानपत्र हे भांडं नव्हे, असा पंचाने निर्णय दिला. अंडी थेट पॅनमध्ये फोडली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तपासनिसांच्या अंगात ऑफिस शिरलं.

"आठ नाही, दहा घालू," ते म्हणाले.

"कृतीत आठ आहेत."

"अगं, लिफ्टमध्ये चौघांची पाटी असली तर आम्ही पाचांचं वजन चढवतो. सव्वापट. मगच सही करतो. भार पेलला तर यंत्र चांगलं."

"पण बाबा, हा पॅन आहे."

"भार तो भारच," तपासनीस म्हणाले आणि बटाटेही सव्वापट केले.

बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट कधी बघायला मिळाली नव्हती. लिफ्टमध्ये घातलेलं वजन फुगत नाही. न्याहारी फुगते. पाचव्या मिनिटाला पॅन काठोकाठ भरला, सहाव्या मिनिटाला झाकण हळूच वर उचललं गेलं आणि खालून एक पिवळी कड डोकावली.

"एका माणसाचा भार उतरवायला हवा," तपासनीस म्हणाले. त्यांनी सवयीने ताटलीकडे हात नेला.

"ताटली घेतलीस तर दोन भांडी," पंच म्हणाली.

तपासनिसांनी कागद पुन्हा वाचला. नियमांतच आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांचं बोट तिसऱ्या कलमावर फिरलं आणि दोन शब्दांवर थांबलं. आपल्या घरचं. त्यांचा चेहरा उजळला आणि ते पायमोज्यांतच समोरच्या दाराकडे निघाले.

समोर दंतवैद्य राहत. घंटा वाजवायची सोय नव्हती, म्हणून तपासनिसांनी दार नखाने खरवडलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. दंतवैद्य अर्धवट झोपेत होते, पण हाडाचे वैद्य.

"आ करा," ते म्हणाले. "वरची आहे की खालची?"

"डॉक्टर, दाढ नाही. पॅन हवाय. आणि कृपा करून हळू बोला. ती झोपलीय. चौदा वर्षांत पहिल्यांदा."

दंतवैद्यांची झोप उडाली. मागून त्यांची बायको आली. तिने सगळं ऐकलं आणि पॅनबरोबर आठ अंडीही आणून दिली. "आमच्या चौघांचंही त्यातच टाका, भाऊजी. मलाही आज कंटाळा आलाय." मुलं पायमोजे शोधायला धावली.

दंतवैद्यांचा पॅनही चौघांचाच होता. त्यांच्या घरचे चार आणि तपासनिसांकडून उतरवलेला एक, म्हणजे पाच. "आपोआप सव्वापट!" तपासनीस हरखून म्हणाले. सात मिनिटांनी त्याही पॅनचं झाकण उचललं गेलं.

आता खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं दार खरवडूनही उघडेना, तेव्हा तपासनिसांनी चिठ्ठी लिहून फटीतून आत सरकवली. पॅन द्यावा, आवाज करू नये. क्षणभराने चिठ्ठी तशीच बाहेर आली. तिच्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पत्ता अपुरा'. तपासनिसांनी मजला, दरवाजा क्रमांक आणि संपूर्ण हुद्दा घालून ती पुन्हा आत सोडली. तेव्हा कुठे दार उघडलं.

"असं आधीच नीट लिहायचं," पोस्टमास्तर म्हणाले आणि पॅन, चार अंडी, मिरपुडीची डबी आणि पत्नी घेऊन वर आले.

पण तो पॅन दोघांचा. त्यात तिसऱ्याचा भार म्हणजे दीडपट. तपासनिसांनासुद्धा इतका भार नियमात बसवता येईना. तो जादा हिस्सा पुन्हा उचलावा लागला. निरोप जाताच वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आणि त्यांची बहीण आपला पॅन आणि चीजचा तुकडा घेऊन खाली उतरल्या. शिंपीणबाईंनी आल्या आल्या स्वयंपाकघरावर नजर टाकली, पिशवीतून चिंध्या काढल्या आणि सगळ्या चमच्यांच्या दांड्यांना गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधल्या.

"आता आपटले तरी वाजायचे नाहीत," त्या कुजबुजल्या. "झाकणांना पण कड लावू का?"

"लावा," तपासनीस म्हणाले. इतकी माणसं आपल्या बायकोच्या झोपेसाठी धडपडताहेत हे बघून त्यांना रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात त्यांना जळका वास आला.

शेजाऱ्यांकडच्या फेऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या पॅनखालची आच मंद करायची राहून गेली होती. चौघांची न्याहारी तळाला कोळसा होऊन बसली होती. खिडक्या उघडल्या गेल्या. सगळे तोंडात रुमाल कोंबून खोकले. दंतवैद्यांची मुलं खोकण्यासाठी जिन्यात जाऊन आली.

"भांडी किती..." आजोबांनी विचारलं. पावाचा नववा तुकडा.

लेकीचं आणखी एक काम होतं. दर पंधरा मिनिटांनी झोपण्याच्या खोलीचं दार किंचित ढकलून आत बघायचं आणि येऊन अहवाल द्यायचा. सात वाजता ती म्हणाली, "आई झोपलीय." सव्वासातला म्हणाली, "आई झोपलीय." साडेसातला तिला परत यायला जरा वेळ लागला.

"काय गं?" तपासनिसांनी विचारलं.

"आई तशीच आहे," ती म्हणाली आणि आजोबांसाठी पाव कापू लागली.

त्यानंतर प्रत्येक वेळी आई तशीच होती.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी चार बर्नरवर चार घरांचे चार पॅन होते आणि स्वयंपाकघरात अकरा माणसं दाटीने जमली होती. ताटल्या घ्यायच्या नव्हत्या, म्हणून सगळे थेट पॅनमधूनच जेवत होते. चिंध्या बांधलेले चमचे वरखाली होत होते. कोणी बोलत नव्हतं. पोस्टमास्तरांना मीठ हवं होतं, त्यांनी शिंपीणबाईंना चिठ्ठी पाठवली. पत्ता पूर्ण होता.

तपासनीस मात्र खात नव्हते. ते शिंपीणबाईंच्या पॅनवर पहारा देत होते. त्यात एका कोपऱ्यात तो जादा हिस्सा होता. चार पॅन फिरून आलेला, वाटेत मिरपूड आणि चीज मिळालेला, आणि तपासनिसांच्या न्याहारीतला न करपलेला एकमेव. तो बायकोचा होता.

बरोबर नऊ वाजता दार उघडलं. मुख्य परिचारिका बाहेर आली. तिने दारातच उभं राहून अकरा माणसांकडे, वीस पायमोज्यांकडे आणि दोन अनवाणी पायांकडे पाहिलं. अनवाणी पाय आजोबांचे होते. मग ती मोरीपाशी गेली. मोरीत एकच पॅन होता. तळ काळाकुट्ट, पण एकच.

"अहो," ती म्हणाली.

"आपल्या घरचं एकच," तपासनीस घाईघाईने म्हणाले. "बाकीचे परगावचे. म्हणजे, शेजारचे. तू बस. खा आधी."

ती बसली आणि तिने तो हिस्सा पॅनमधूनच खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, दंतवैद्य जरा जास्तच. शेवटचा घास गिळून ती म्हणाली, "छान झालंय. खरंच छान झालंय." मग तिला एक लांबलचक जांभई आली. "मी जरा पाच मिनिटं आडवी होते हं," असं म्हणून ती परत खोलीत गेली.

तपासनिसांची छाती फुगली. त्यांनी दंतवैद्यांशी हात मिळवला, पोस्टमास्तरांशी मिळवला. मग फ्रिजवरचा कागद काढून लेकीपुढे ठेवला. "पंच, दाखला लिही. खाली सही कर."

लेकीने पेन हातात घेतलं, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं. तपासनिसांनी ते वाचलं. दाखल्यात होतं, 'आई नऊ वाजेपर्यंत खोलीबाहेर आली नाही.'

ते पुन्हा वाचलं. हे वाक्य दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर त्याने कागद घडी करून खिशात ठेवला असता. पण तपासनीस स्वतः बावीस वर्षं दाखले लिहीत होते. एखादी लिफ्ट चांगली आहे असं लिहायला मन धजत नसलं की तेही लिहीत, 'तपासणीच्या वेळी लिफ्ट बंद पडली नाही.'

"झोपली, असं का नाही लिहिलंस?"

लेकीने पेनाला टोपण लावलं. "पंचाला खोटं लिहिता येत नाही."

"कधीपासून जागी होती?"

"तू समोरच्या काकांचं दार खरवडलंस तेव्हापासून. तू त्यांना म्हणालास ना, चौदा वर्षांत पहिल्यांदा, ते तिने ऐकलं. मी डोकावले तर ती छताकडे बघत पडली होती. तिने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं." लेकीचा आवाज आणखी बारीक झाला. "भूक लागलीय म्हणाली. पण बाबाला कळू देऊ नकोस, त्याचं चाललंय ते चालू दे."

तपासनीस खुर्चीवर बसले. दीड तास! ते तिला झोप देत होते आणि ती उपाशीपोटी, टक्क डोळ्यांनी, न हलता त्यांना ती देऊ देत होती. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त, तिच्यावर पहिल्यांदा जीव जडला होता तेव्हासारखं काहीतरी वाटलं. ते उठले, खोलीपाशी गेले आणि दार किंचित ढकललं. आत बायको उशीत तोंड खुपसून, एक हात पलंगाखाली लोंबकळत ठेवून, चक्क घोरत होती.

ते स्वयंपाकघरात परत आले तेव्हा शेजारी आपापले पॅन उचलत होते. शिंपीणबाईंनी नळाला हात लावला होता.

"थांबा!" तपासनीस कुजबुजले. "ती आत्ता झोपलीय. आता खरी झोपलीय. कोणी हलू नका."

सगळे जिथे होते तिथे थांबले. नळावरचा हात मागे आला. उचललेले पॅन इंच इंच करत खाली टेकले. पोस्टमास्तरांनी चिठ्ठी पुढे केली. 'किती वाजेपर्यंत?'

तपासनिसांनी घड्याळाकडे पाहिलं. चौदा वर्षांची थकबाकी होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'सांगता येत नाही,' आणि खाली सही केली. एकेकजण भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

तेवढ्यात आजोबांनी तोंडातला घास गिळला, ओठ पुसले, मान वर केली आणि छातीभर श्वास घेतला. लेकीचा हात लोफकडे गेला. तिथे फक्त कागद होता. पाव संपला होता.

अकरा जणांपैकी दहा जणांचे श्वास अडकले. मग दंतवैद्य शांतपणे उठले. त्यांनी चिंधी बांधलेला एक चमचा उचलला, आजोबांच्या समोर उकिडवे बसले आणि बोटाने खूण केली. आजोबांनी पुढचं सगळं विसरून मोठ्ठा आ केला.

दंतवैद्यांनी आजोबांचे दात दुपारी पावणेएकपर्यंत तपासले. ते एकूण चार होते.