मायक्रोमीटर कोणी कोणाला देत नाही

भगवानराव शेजवळ यांचा एक सिद्धान्त होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. माणूस आणि यंत्र यांत फरक एवढाच, की यंत्र बिघडले की आवाज करते. बाकी दुरुस्तीची रीत एकच: आधी दोष शोधावा, मग कारण शोधावे, मगच पान्याला हात लावावा. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते कोलशेतच्या एका कारखान्यात टूलरूमला लागले, आणि निवृत्त होईपर्यंत याच रीतीने वागले. आपण दुरुस्त केलेले यंत्र पुन्हा दारात आले नाही, असे ते अभिमानाने सांगत. यंत्र दारात येत नसते, आपणच त्याच्या दारात जायचे असते, असे त्यांच्या पत्नी रंभाबाई म्हणत. पण रंभाबाईंकडे पदविका नव्हती.

त्यामुळे रवींद्र पालांडे बिघडला तेव्हा भगवानरावांनी चिंता केली नाही. योजना केली.

रवींद्र म्हणजे त्यांचा जिवलग मित्र. तंत्रनिकेतनात एका बाकावर, टूलरूममध्ये एका टेबलावर, आणि आता विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या एकाच इमारतीत, बरोबर एक मजला खाली. दिवाळीपासून त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. कारण शोधावे तर सापडत नव्हते. घरात कोणी गेले नव्हते, कोणाशी तंटा नव्हता, मुलगा नोकरीला लागून सुखात होता. तरीही दाढी वाढली, जेवण घटले, आवाज आत गेला. विचारले की एकच उत्तर यायचे, "बरा आहे." विनाकारण दोष भगवानरावांनी हयातीत पाहिला नव्हता. त्यांना रवींद्रची काळजी वाटे आणि, हे कबूल करणे कठीण, थोडा रागही येई.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, पायलने, 'ओसरी'बद्दल सांगितले. ओसरी हा फोनवरचा एक गट होता. मनाने थकलेली माणसे तिथे एकमेकांशी लिहून बोलत आणि दर रविवारी संध्याकाळी आवाजाने भेटत. उपदेश करायचा नाही, कोणाला हसायचे नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, आणि कोणाचे दुखणे गटाच्या आवाक्याबाहेरचे दिसले तर त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचे, असे तिथले नियम. मानसशास्त्र शिकलेली संचिता नावाची मुलगी तो गट चालवी. नियम आहेत म्हटल्यावर भगवानरावांना गट पसंत पडला.

रवींद्रला मात्र पडला नाही. "आता या वयात वेड्यांच्या पंगतीला बसू का?" असा निरोप त्याची पत्नी शुभदा हिच्यामार्फत वर आला.

भगवानराव खचले नाहीत. झाकणाचे बोल्ट आवळताना एकच बोल्ट पुरता आवळला, तर झाकण तिरके बसते. समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. त्यांनी इमारतीला हाच न्याय लावला. आधी तळमजल्याचे एक घर ओसरीवर नेले, मग त्याच्या तिरके वरचे, मग पुन्हा खालचे. चहूबाजूंनी शेजारी बसले की मधला रवींद्र आपोआप जागेवर येईल, हा हिशेब.

शेजारी खरोखरच बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या रुपालीने तो मासळीच्या ऑर्डरचा गट समजून पहिल्या दिवशी पापलेटचा भाव विचारला होता. पुढे एका रविवारी तीच रुपाली अंथरुणाला खिळलेल्या सासूबद्दल बोलता बोलता रडली, आणि पलीकडून डोंबिवलीची कोणी अनोळखी बाई म्हणाली, "रड गं, मी आहे." सोसायटीचा सेक्रेटरी सुदेश तर सभेत कोणाला बोलू देत नसे, तो ओसरीवर गप्प बसून ऐकायला शिकला. इमारतीत हे पहिल्यांदाच घडत होते.

न बोलणारे दोघेच उरले. एक रवींद्र, कारण तो आलाच नव्हता. दुसरे भगवानराव, जे एकही रविवार चुकवत नव्हते. संचिताने विचारले, "काका, तुम्ही कसे आहात?" की ते नव्याने कोण कोण आले याचा अहवाल देत.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी संचिताला गळ घातली आणि इमारतीसाठी एक खास बैठक ठरवली. जवळचा माणूस आतून खचला आहे, हे कसे ओळखावे? शुभदावहिनींना त्यांनी सांगून ठेवले, की फोनचा आवाज मोठा ठेवा आणि आतल्या खोलीचे दार उघडे असू द्या. संचिताने शांतपणे समजावले. माणूस आवडीच्या वस्तू देऊन टाकू लागतो. सगळी कामे एकाएकी निरवानिरव केल्यासारखी आवरतो. भेटीगाठी टाळतो. फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होतो. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. शेवटी भगवानरावांनी स्वतःची एक सूचना जोडली, आणि ती खास रवींद्रसाठी घडवलेली होती: "विचारल्यावर 'मी ठीक आहे' म्हणाला, तर ते प्रमाण मानू नका. पुन्हा विचारा."

हा पाना पुढे आपल्याच बोटांवर पडणार आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

झाले असे, की भगवानरावांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ज्या माणसाने केसाच्या जाडीचाही भाग करून मोजला, त्याला आता दुधाच्या पिशवीवरची तारीख दिसत नव्हती. ही गोष्ट त्यांनी कोणाला, अगदी रंभाबाईंनाही, सांगितली नव्हती. रंभाबाई नातवासाठी पायलकडे गेल्या होत्या. ठाण्याच्या रुग्णालयात दिवस ठरला होता. रविवारी पिशवी घेऊन पायलकडे जायचे, तिथे पोचल्यावर सांगायचे, आणि डोळा बरा करूनच परतायचे. म्हणजे शहाळी आणि सल्ले घेऊन कोणी दारात येणार नाही.

जाण्याआधी पद्धतशीर माणूस जे करतो ते त्यांनी केले. कढीपत्त्याची कुंडी रुपालीला दिली. सुदेशची ड्रिल मशीन परत केली आणि पाण्याच्या पंपाची किल्लीही त्याच्या हाती ठेवली. ओसरीवर लिहिले, "माझे काम आता पूर्ण झाले. पुढे आपण सर्व सांभाळालच." आणि सरतेशेवटी, निळ्या मखमलीच्या पेटीतला आपला मायक्रोमीटर, केसाची जाडीही मोजणारे ते हत्यार, घेऊन ते खालच्या मजल्यावर गेले. त्याच्या रेघा आता त्यांना दिसत नव्हत्या. निदान रवींद्रच्या हाताला चाळा होईल. आतल्या खोलीचे दार त्या दिवशी लोटलेले होते. त्यांनी पेटी शुभदावहिनींकडे दिली.

"रव्याला द्या. मला आता याची गरज पडणार नाही."

शुभदावहिनींचा चेहरा उतरला, तो भगवानरावांना दिसला नाही. उजवा डोळा त्यांच्या बाजूला होता.

तासाभरात रुपाली वाटीभर आमटी घेऊन आली आणि आमटी देऊन गेली नाही. बसली. मग सुदेश कॅरम बोर्ड घेऊन आला. भगवानराव कॅरम खेळत नाहीत हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याने सोंगट्या मांडल्या.

"काका, तुम्ही ठीक आहात ना?" रुपालीने विचारले.

"मी ठीक आहे."

रुपालीने सुदेशकडे पाहिले. सुदेशने पुन्हा विचारले. भगवानरावांनी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते चिडले आणि मला एकटे राहू द्या म्हणाले. दोघांनी खुर्च्या आणखी जवळ ओढल्या. आपण चिडलो म्हणून हे घाबरले, असे समजून भगवानरावांनी स्वतःला आवरले आणि अगदी शांत झाले. तेव्हा रुपालीच्या डोळ्यांत पाणी आले. दूध आणायला उतरले तर सुदेश डाव्या अंगाला आणि तळमजल्यावरचे आनंदा कांबळे उजव्या अंगाला चालू लागले, आणि दूधवाल्यानेही पिशवी देताना सहानुभूतीने पाहिले. भगवानरावांनी घडवलेले यंत्र उत्तम चालत होते. ते थांबवायचे बटण बसवायचे मात्र राहून गेले होते.

घरी परतले तोच संचिताचा फोन आला. शेजारी काय समजून बसले आहेत हे एव्हाना त्यांच्या लक्षात आले होते, आणि खरे सांगून मोकळे व्हावे, असे त्यांनी ठरवलेच होते. पण तिने आधी विचारले, आणि तिच्या आवाजात ना घाई होती, ना भीती.

"काका, सरळ विचारते, राग मानू नका. आयुष्य संपवावं असं मनात येतं का तुमच्या?"

भगवानराव खुर्चीत बसले. हा प्रश्न असा विचारता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. एवढ्या महिन्यांत त्यांनी रवींद्रसाठी अख्खी इमारत आवळली, बैठक भरवली, दार उघडे ठेवायला लावले. पण त्याच्यासमोर बसून हे चार शब्द विचारले नव्हते. उत्तर काय येईल, याची भीती होती म्हणून.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "माझ्या मनात तसं नाही. माझा डोळा बिघडलाय." आणि त्यांनी सगळे सांगितले. संचिता ऐकत राहिली. मग म्हणाली, डोळ्याचं मी कोणाला बोलणार नाही, ते तुम्हीच सांगा. पण लपवावंसं का वाटलं, हे एखाद्या रविवारी जरूर सांगा. एवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात रवींद्र उभा होता. दाढी छातीवर आलेली, सदऱ्याची गुंडी चुकलेली, पायात शुभदाच्या चपला. एक जिना चढून त्याला धाप लागली होती. हातात निळी पेटी होती. जिन्यात सुदेश, रुपाली आणि शुभदावहिनी उभे होते. रवींद्रने आत येऊन दार लावून घेतले.

"हे काय आहे?" त्याने पेटी टेबलावर ठेवली.

"तुला ठेवायला दिला."

"भगवान, चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली आपण. माणूस जेवणाचा डबा देईल, पगार उसना देईल. मायक्रोमीटर कोणी कोणाला देत नाही."

रवींद्र समोरच्या खुर्चीत बसला.

"मला हे कसं कळलं, विचार," तो म्हणाला. "मी माझा काढून पुसून ठेवला होता. तुला द्यायला. शुभदाला सांगणार होतो, वर नेऊन दे म्हणून. तेवढ्यात तिनं तुझाच माझ्या हातात आणून दिला."

भगवानरावांना संचिताचा प्रश्न आठवला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, रवींद्रचा हात हातात घेतला, आणि तो प्रश्न तिच्याच शब्दांत विचारला. त्यांचा आवाज तिच्याइतका स्थिर नव्हता.

रवींद्र या वेळी "बरा आहे" म्हणाला नाही.

"येतं," तो म्हणाला. "येत होतं. काही झालेलं नसताना येतं, म्हणून सांगायची लाज वाटायची."

"आणि मी कारण शोधत बसलो होतो," भगवानराव म्हणाले.

फोन अजून चालूच होता. संचिताने पलीकडून हळूच आपण असल्याचे कळवले. रवींद्र दचकला, पण तिच्याशी बोलला, आधी तुटक, मग बराच वेळ. तिने कल्याणच्या एका डॉक्टरांकडची वेळ तिथल्या तिथे ठरवून दिली, आणि तोवर त्याला एकटे ठेवू नका असे दाराबाहेरच्या शुभदावहिनींना फोनवर बोलावून घेऊन बजावले. रवींद्रची एकच अट होती. "रविवारी ओसरीवर मी येईन. पण माझ्यासाठी नाही. हा एकटा पडेल म्हणून."

आता आपल्याला नुसता मोतीबिंदू झाला आहे, हे भगवानराव कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्याला सावरायचे म्हणून तो जिना चढून आला. सत्य ऐकून तो उतरून पुन्हा आत जाऊन बसला तर? म्हणून त्यांनी दुःखी चेहरा करून मान हलवली. रविवारचा बेत त्यांनी पुढे ढकलला. पुढे रंभाबाई परतल्या, रुग्णालयाचा फोन त्यांनी घेतला आणि चोवीस तासांत सगळ्या इमारतीला मोतीबिंदू कळला.

शस्त्रक्रिया करून डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून भगवानराव घरी आले, तेव्हा शहाळ्यांची रांग लागलेली होती. सल्लेही होते. सगळ्यांत शेवटी रवींद्र आला. दाढी केलेली होती, चपला स्वतःच्या होत्या, आणि खिशातून डॉक्टरांच्या गोळ्यांची पट्टी डोकावत होती. भगवानरावांनी खाली मान घालून सांगितले, की त्या दिवशी आपल्याला खरे म्हणजे काहीच झाले नव्हते. तेव्हा रविवारी त्याने आता आपल्यासाठी बसण्याची गरज नाही.

रवींद्रने खुर्ची जवळ ओढली.

"डोळा जातोय ही गोष्ट बायकोपासून, पोरीपासून, माझ्यापासून लपवलीस. त्यापायी अख्खी इमारत रात्रंदिवस पहाऱ्याला बसवलीस. आणि म्हणतोस काही झालं नव्हतं? तुझी केस माझ्यापेक्षा जुनी आहे, भगवान. रविवारी बसायचं."

रविवारी दोघे एकाच फोनसमोर बसले. रवींद्र थोडेसे बोलला. सकाळी उठवत नाही, पण काल खाली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, एवढेच. पलीकडून ओळखी-अनोळखी आवाजांनी त्याचे ऐकून घेतले. मग संचिताने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आणि भगवानकाका, तुम्ही कसे आहात?"

"मी ठीक आहे," भगवानराव म्हणाले.

फोनमधून रुपाली, सुदेश, कांबळे, आणि डोंबिवलीची ती अनोळखी बाई, सगळ्यांनी एकाच वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या दिवशी जाताना परत नेलेली निळी पेटी रवींद्रने खिशातून काढून टेबलावर ठेवली. मायक्रोमीटर वापरण्याआधी पूर्ण मिटून पाहायचा असतो. शून्यावर शून्य बसले नाही, तर तेवढा फरक प्रत्येक मापातून वजा करायचा असतो. हे दोघांनाही तंत्रनिकेतनातल्या पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

"तुझ्या 'ठीक'मध्ये झिरो एरर आहे," रवींद्र म्हणाला. "वजा करून सांग."

भगवानरावांनी फोन जवळ ओढला. मग ते म्हणाले, की त्यांना डोळ्याची भीती वाटली होती. मोजता येईनासे झाले, तर आपण कोण उरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पलीकडे कोणीही उपदेश केला नाही. कोणी हसले नाही. ज्या गटात त्यांनी अख्खी इमारत आणून बसवली, तिथे ते स्वतः आज आले होते.

बैठक संपल्यावर त्यांनी निळ्या पेटीकडे हात नेला. रवींद्रने ती आधीच उचलली होती.

"पट्टी निघू दे. रेघ वाचून दाखव, मग मिळेल."

"मायक्रोमीटर कोणी कोणाला देत नाही म्हणाला होतास ना?"

"तेच म्हणतोय," रवींद्र म्हणाला, आणि पेटी खिशात टाकून, कठड्याला धरत, सावकाश जिना उतरू लागला.