घेवड्याच्या डब्यातले सम्राट

बुधवारी दुपारी मी सम्राटांना फ्रीझरमध्ये ठेवलं. हेतू चांगला होता. (हे वाक्य मी नंतर घरात बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं. कुणावर परिणाम झाला नाही.)

सम्राट म्हणजे आमच्या देशाच्या शेवटच्या सम्राटांचा पत्त्याच्या पानाएवढा फोटो, खाली शाईची सही. माझी खापरपणजी लेओनिल्दा राजवाड्यात कपडे धुवायची. देश सोडण्याआधी सम्राटांनी तो तिला स्वतःच्या हाताने दिला, असं बाबा सांगतात. बाबांकडे राजघराण्याची पत्रं, चित्रं, सह्यांचे फोटो मिळून एकशे बारा वस्तू आहेत, पण जीव या एकात. तो राजवाडा आमच्याच गावात; त्यामुळे पेत्रोपोलिसमध्ये दर तिसऱ्या घरात सम्राटांचं काहीतरी असतं, आणि उरलेल्या दोन घरांत ते खोटं आहे म्हणणारे राहतात. शेजारचे अतालिबाकाका दोन्हींत मोडतात.

"सम्राट धोबिणीला सही देतील?" ते म्हणायचे. "चादरींची यादी दिली असेल, एवांद्रो!"

अकरा वर्षं हे ऐकून बाबांनी शेवटी रिओहून जुन्या सह्या पारखणाऱ्या झेनाइदेबाईंना बोलावलं. त्यांचा शब्द या धंद्यात शेवटचा. शनिवारी जेवायला त्या येणार, साक्षीला अतालिबाकाका. लेओनिल्दाची अब्रू त्या दिवशी ठरणार होती.

बाबांनी फोटो आजीच्या काळच्या चौकटीतून काढला आणि माहितीचं कार्ड करायला माझ्याकडे दिला. (माझं अक्षर चांगलं आहे आणि मी बोलत नाही. अशा माणसाला घरात खूप कामं मिळतात.) चौकटीखाली झाकलेल्या कडेला, सम्राटांच्या डोक्यावर, मला एक भोक दिसलं. कीड! बाबांच्या जुने कागद जपण्याच्या पुस्तकात उपाय होता: पिशवीत हवाबंद करून गोठवा, कीड मरते. बाबांना सांगितलं असतं तर आधी त्यांच्यासाठी डॉक्टर बोलवावा लागला असता. म्हणून मी गुपचूप फोटो दोन पिशव्यांत बंद केला, सपाट राहावा म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवला आणि सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं. फोटोच्या फाइलमध्ये नुसतं कार्ड घालून ती बंदच बाबांना परत दिली; त्यांनी ती न उघडता कपाटात ठेवली.

फ्रीझरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं, शिजवलेला काळा घेवडा असतो, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. त्यामुळे तो डबा आशेने कुणी उघडत नाही. ओळख म्हणून झाकणाच्या कोपऱ्यात मी निळा ठिपका दिला.

शुक्रवारी डबा काढायचा होता. पण आई फ्रिजसमोरून हलेना.

"काय हवंय, तैनारा?"

"बर्फ."

"मी देते. फ्रीझरला हात लावायचा नाही."

असं वाक्य आई जन्मात कधी बोलली नव्हती. मला तिचा संशय आला. ती माझ्याकडे बघत होती त्यावरून तिलाही माझा आला असावा. रविवारी माझा वाढदिवस होता, पण तो माझ्या डोक्यातच नव्हता.

शनिवारी बाबांनी पाहुण्यांना राजवाडा बघायला येणाऱ्यांना फरशी जपायला देतात तशा कापडी सपाता घालायला लावल्या. काका घसरतच टेबलापर्यंत आले. जेवण झालं, कॉफी झाली. बाबांनी बुरशी लागू नये म्हणून कायम दिवा जळत असलेलं कपाट उघडलं, फाइल उघडली, आणि बसले.

"दार लाव, तैनारा." मी लावलं. "अतालिबा, तुझी पिशवी दाखव."

"मी चोर?"

"कपाटाची किल्ली कुठे असते, हे तू तीनदा विचारलंस!"

"एकदाही नाही! ती तुझ्या गळ्यात असते हे तूच तीनदा सांगितलंस!"

मी स्वयंपाकघरात पळाले. ठिपक्याचा डबा नव्हता. परत आले तर बाबांनी पिशवीतून छत्री, चष्म्याचं घर आणि एक आइस्क्रीमचा डबा बाहेर काढला होता.

"तो मी दिलाय," आई म्हणाली. "लुर्देसवहिनीला बरं नाही. थोडा घेवडा दिला."

बाबांनी तत्काळ डबा परत ठेवला. "माफ कर, अतालिबा."

झाकणावर निळा ठिपका होता.

"या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," म्हणत काका दाराकडे घसरत निघाले. शाळेत मी बाथरूमला जायची परवानगीसुद्धा चिठ्ठी लिहून मागते. "काका," मी म्हटलं. कुणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा एकदम किंकाळीच निघाली:

"सम्राट घेवड्यात आहेत!"

काकांनीच डबा उघडला आणि पांढरे पडले. "एवांद्रो, आईशप्पथ, मी हे..."

"बघा!" बाबा ओरडले. "सापडला!"

मग मी माझ्या सपातांकडे बघत सगळं सांगितलं. 

"पिशवी उघडू नका, गार फोटोला घाम सुटेल," झेनाइदेबाई म्हणाल्या. तो खोलीच्या उबेला येईपर्यंत आम्ही सगळे पिशवीभोवती बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग लावलं.

"सही खरी आहे," त्या म्हणाल्या. "हात त्यांचाच. पण पोरी, हे भोक किडीचं नाही. कडेला गंज आहे, मागे काजळी. खिळा आहे हा. तुझ्या खापरपणजीने सम्राटांना चुलीवरच्या भिंतीला ठोकलं होतं."

"खिळा?" काका म्हणाले.

"खोटा फोटो विकणारा खिळा ठोकत नाही. विकत घेणाराही नाही. ज्याला आपुलकीने मिळाला तोच ठोकतो."

बाबांनी चष्मा पुसला, मग डोळे.  "बाईचा हात जड होता हो," काका शेवटी म्हणाले. अकरा वर्षांची माफी त्यात आली.

म्हणजे कीड कधी नव्हतीच. काही भरपाई करावी म्हणून आई पाहुण्यांना निरोप देत असताना मी धावत जाऊन फ्रीझरमधला सगळ्यात मागचा, सगळ्यात नवा दिसणारा डबा आणला आणि काकांच्या पिशवीत घातला. कुणी सांगायच्या आत आपण काहीतरी बरोबर केलं, असं वाटलं.

रविवारी सकाळी सगळ्यांनी माझ्यासाठी गाणं म्हटलं. आईने हसत फ्रीझर उघडला, मागपर्यंत हात घातला आणि तशीच थांबली. तेवढ्यात फोन वाजला.

"एवांद्रो," काका म्हणत होते, "लुर्देस म्हणते, तुमचा घेवडा अप्रतिम. नारळाचा स्वाद आहे. फक्त गरम केल्यावर टिकत नाही."

पंधरा वर्षांत आमच्या फ्रीझरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात पहिल्यांदाच आइस्क्रीम होतं.

माझ्या पंधरा मेणबत्त्या आम्ही घेवड्यात लावल्या. छान उभ्या राहिल्या. तो अजून गोठलेला होता.