साळवे काकांची चिपाडं

साळवे काका रोज चौकातल्या रसवंतीवर जातात, पण त्यांनी रस प्यायलेला कुणी पाहिला नाही. त्यांना शुगर आहे. ते जातात चिपाडं गोळा करायला. उसाचा रस काढून झाला की उरलेला चोथा पोत्यात भरतात आणि गल्लीत ज्याच्या अंगणातली माती उघडी दिसेल त्याचं फाटक उघडून आत शिरतात.

आमच्याकडेही तसेच आले. वाळूजच्या कंपनीत जन्म घालवून रिटायर झालेले, मागच्या गल्लीत राहणारे, एवढीच मला माहिती. अंगणातल्या कागदी लिंबाच्या बुडाशी बसत म्हणाले, "ताई, ही माती भाजायली. अशी उघडी काहून ठेवली?"

आमच्या सिडकोत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. दर मे महिन्यात लिंब पानं टाकायचं आणि मी हळहळायचे. काकांनी नियम सांगितला, "आधी पाणी, मग पांघरूण." चिपाडं दोन दिवस उन्हात कडक वाळवायची, मग चार बोटं जाड थर द्यायचा.

मी घाई केली आणि ताजीच टाकली. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लिंबापासून माझ्या गुळाच्या डब्यापर्यंत पोचली. काका रांग बघत शांतपणे म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? तुम्हीच आवतन दिलं."

एकदा आमच्या ह्यांनी उत्साहानं सगळा थर खोडाला चिकटवून ढीग केला. काकांनी तो दोन्ही हातांनी मागं ओढला. "साहेबांना सांगा, खोड कुजंल. वीतभर जागा सोडायची." साहेब शेजारीच उभे होते. पुढचे दोन रविवार काका त्यांच्याशी माझ्यामार्फतच बोलले.

दर रविवारी ते तपासणीला यायचे. थर वर करून बघायचे, कुजून बसला असेल तिथं नवी चिपाडं घालायचे, आणि कंपनीच्या बसमधल्या गोष्टी सांगत तासभर रेंगाळायचे.

यंदा मे महिन्यात लिंब हिरवंगार राहिलं. तीन बादल्यांच्या जागी एक बादली पुरायला लागली. मी खुशीत म्हणाले, "काका, आता जमलं मला. तुम्ही उगाच उन्हातान्हात येत जाऊ नका."

"व्हय. बरं," ते म्हणाले. रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं आणि गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा मी ओंजळभर लिंबं पिशवीत घालून त्यांचं घर शोधत गेले. मनात होतं, ह्या माणसाची स्वतःची बाग कसली असेल.

अंगणात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी होती. एक कुंडी नव्हती. भिंतीला लागून तोंडं बांधलेली सात-आठ पोती उभी होती, वाळलेल्या चिपाडांची.

"काका, झाडं कुठं आहेत?"

"माती कुठंय इथं? आमची मंडळी वारली, मग पोरगं हैदराबादला गेलं. जाताना फरशी टाकून दिली त्यानं. म्हणला, बाबा, झाडायला सोपं पडंल." मग जरा थांबून म्हणाले, "सोपं पडतं."

"आणि ही पोती?"

"गल्लीत समद्यांनाच जमाया लागलं आता."

मी त्यांचा फोन नंबर लिहून घेतला. लिंबं ठेवून घरी आले.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या मी लिंबाखालचा सगळा थर ओरबाडून काढला, जिन्याखाली लपवला आणि काकांना फोन केला. "काका, वाऱ्यानं सगळं उडून गेलं हो. मला काही जमत नाही. बघता का येऊन?"

दहा मिनिटांत ते पोतं घेऊन हजर. उकिडवे बसले आणि मातीत बोट खुपसलं. बाहेर काढलं तेव्हा बोटाला गार, ओली माती लागली होती. उन्हात एक दिवस उघडी राहिलेली माती अशी नसते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. वाराही कालपासून नव्हता.

काका बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"लई वाईट हालत हाय, ताई," ते अखेर म्हणाले. "आज जेवायच्या टायमापर्यंत तर नाय उरकायचं."

"मग जेवूनच जा," मी म्हणाले.

त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि एकेक चिपाड सावकाश मांडायला घेतलं.